दिवसभर हॉस्पिटलात, तरी ॲडमिट नाही? ओपीडी म्हणजे नक्की काय हो?

मुठेकाठी
मंगळवार, रात्री १०.२०

गेल्या महिन्यात एका पहाटे आई उठून बसली आणि तशीच धाडकन उशीवर पडली. "घर फिरतंय गं," एवढंच म्हणाली. वय ६७, बीपीची गोळी दहा वर्षं चालू, साखर काठावर. दोन उलट्या झाल्या. मी आणि दादानं तिला धरून रिक्षात घातलं आणि शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) सहाला पोचलो.

तिथे दोन-अडीच तास बेडवर. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, ईसीजी. पडद्याला चिकटवलेला कागद: बेड ३. साडेनऊला व्हीलचेअरवरून न्यूरोच्या ओपीडीत, म्हणजे बाह्यरुग्ण विभागात. आमचा नंबर ४१, आत १२ चालू. मध्येच औषध कंपन्यांचे बॅगावाले चार एमआर आत जाऊन आले. न्यूरोच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, तो दुपारी झाला. रिपोर्ट चांगला आला, म्हणून साडेचारला ईएनटीकडे पाठवलं. त्या बाईंनी आईला टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवून झपकन मागे आडवं केलं आणि तिच्या डोळ्यांकडे बघत बसल्या. "कानातले खडे सरकलेत आजी." मग मान इकडे, तिकडे, कुशीवर, उठा. दहा मिनिटं. येताना आई रिक्षात म्हणते, "दुधाची पिशवी घ्यायची राहिली." बरी झाली म्हणायची!

आता खर्च. कॅज्युअल्टी १,८५०, न्यूरो १,१००, ईएनटी ९००, एमआरआय ८,५००, रक्त २,३५०, औषधं ६४०. एकूण १५,३४० रुपये. आई माझ्या पॉलिसीत आहे, म्हणून सगळी बिलं जोडून क्लेम टाकला. काल नामंजूर झाल्याचं पत्र आलं. रुग्ण दाखल नव्हता, बाह्यरुग्ण उपचार पॉलिसीत बसत नाहीत.

अकरा तास हॉस्पिटलात, हाताला सुई, बेडला नंबर, आणि दाखल नव्हता? वर शेजारचे काका म्हणतात, "एक रात्र ॲडमिट करून घ्यायचं होतंस, सगळं निघालं असतं." खरंच तसं करायला हवं होतं का? आणि पहाटे मला नेमकं कुठे जायला हवं होतं, तेही सांगा. कारण शेवटी बरं केलं ते दहा मिनिटांच्या मान वळवण्यानं.

---

शनिवारपेठी
मंगळवार, रात्री १०.४१

बेडवर आडवं झालं की ॲडमिट, असं असतं तर रक्तदान शिबिरात पन्नास-पन्नास माणसं ॲडमिट होतात.

---

मुठेकाठी
मंगळवार, रात्री १०.४४

टोमणा पोचला. उत्तर असेल तर तेही पाठवा.

---

बिलकाउंटर
मंगळवार, रात्री ११.३०

मुठेकाठी, मी अकरा वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंगला आणि नंतर टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी संस्था) डेस्कवर काढली आहेत. हा प्रश्न मला आठवड्यातून दहादा विचारला जायचा, तोही रडवेल्या चेहऱ्यानं. म्हणून जरा सविस्तर.

तुमच्या बिलाचा वरचा कोपरा बघा. बहुतेक हॉस्पिटलांत ओपीडीच्या बिलाचा क्रमांक वेगळा आणि आयपीडीचा, म्हणजे दाखल रुग्णांचा, वेगळा असतो. दाखल होणं म्हणजे डॉक्टरांनी ॲडमिशनची चिठ्ठी लिहिणं, डेस्कवर आयपीडी नंबर पडणं, डिपॉझिट भरणं आणि शेवटी डिस्चार्ज कार्ड मिळणं. तुम्हाला डिस्चार्ज कार्ड मिळालं नसणार, नुसता कॅज्युअल्टीचा कागद मिळाला असेल. बेड ३ हा कॅज्युअल्टीचा बेड. पेशंटला तिथे ठेवतात ते वर न्यायचं, घरी सोडायचं की ओपीडीत पाठवायचं हे ठरेपर्यंत.

आता विम्याचं. विमा नियामकाच्या ठरीव व्याख्येत 'रुग्णालयात दाखल होणं' म्हणजे सलग २४ तास. अपवाद डे-केअरचा. पूर्वी ज्याला दोन-तीन दिवस राहावं लागायचं, पण आता तंत्र सुधारल्यामुळे जे २४ तासांच्या आत उरकतं आणि ज्याला पूर्ण किंवा त्या जागेपुरती भूल लागते, असे उपचार म्हणजे डे-केअर. मोतीबिंदू हे सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. सकाळी जाऊन दुपारी काळा चष्मा लावून घरी, तरी क्लेम मिळतो. डायलिसिस आणि केमोही पॉलिसीत सहसा त्याच गटात येतात.

पण त्या व्याख्येत शेवटी एक ओळ आहे, आणि लोक नेमकी तिथेच अडकतात. जे उपचार एरवी ओपीडीतच होतात, ते यात धरत नाहीत. म्हणजे २४ तासांच्या आत किती तास लागले याला महत्त्व नाही. मोतीबिंदूचा पेशंट चार तासांत घरी जातो आणि त्याला पैसे मिळतात. तुम्ही अकरा तास होतात, मिळाले नाहीत. अन्याय वाटतो, पण तिथे मोजपट्टी घड्याळाची नाहीच मुळी, उपचार कोणत्या जातीचा आहे त्याची आहे.

शेजारच्या काकांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचं ऐकू नका. पॉलिसीच्या कागदात 'Excl04' अशी खूण असलेलं कलम सापडेल. मुख्यतः तपासण्यांसाठीच दाखल झालं असेल तर खर्च देय नाही. एमआरआय आणि रक्त यासाठी रात्रभर ठेवलं असतं, तर टीपीएनं पहिला प्रश्न विचारला असता: ओपीडीत होणारं काम, दाखल कशाला केलं? क्लेम फेटाळला असता आणि खोलीचं भाडं, नर्सिंग, डॉक्टरांच्या दोन व्हिजिट हे सगळं १५,३४० च्या वर तुमच्याच खिशातून गेलं असतं. मी अशी माणसं काउंटरवर पाहिली आहेत. डॉक्टरांना गळ घालून खोटं कारण लिहून घेतलं तर ती सरळ फसवणूक होते. पुढे खरी गरज पडेल तेव्हा हाच कागद आडवा येतो.

एक गोष्ट मात्र करा. ही बिलं फेकू नका. याच आजारासाठी पुढे दाखल व्हावं लागलं, तर दाखल होण्याआधीच्या ठरावीक दिवसांतला ओपीडीचा खर्चही मिळतो. बऱ्याच पॉलिसींत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस असतात, तुमच्या पॉलिसीत किती ते बघा. ऑपरेशन झालं की लोक फक्त हॉस्पिटलचं बिल टाकतात. आधीची सोनोग्राफी, एमआरआय, तज्ज्ञांची फी यावर पाणी सोडतात.

---

रातराणी_२
बुधवार, सकाळी ७.०५

बिलकाउंटर, दंडवत! वाचनखूण साठवली.

---

हिंजवडीत_अडकलेला
बुधवार, सकाळी ९.५०

बसमधून लिहितोय, चुका पोटात घाला. आमच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीचे वर्षाला ५,००० रुपये आहेत. मला हे कधी कळलं? एप्रिलमध्ये, आधीचं वर्ष संपल्यावर. त्या वर्षात माझा एक रूट कॅनाल, दोन चष्मे आणि बायकोची त्वचेच्या डॉक्टरांची चार वेळची फी झाली होती. एक रुपया मिळाला नाही. एचआरचा तो लांबलचक मेल कोणी उघडतच नाही ना. मुठेकाठी, तुमची पॉलिसी ऑफिसची असेल तर एकदा विचारून बघा.

वैयक्तिक पॉलिसीवर ओपीडीचं कव्हर वेगळं विकत घ्यावं का?

---

बिलकाउंटर
बुधवार, दुपारी १.१५

मर्यादा आणि जादा प्रीमियम शेजारी-शेजारी लिहून बघा. वर्षाला १०,००० ची मर्यादा आणि त्यासाठी ६,००० जादा प्रीमियम असेल, तर तुम्ही फक्त ४,००० चा विमा घेताय. घरात मधुमेह, थायरॉईड, लहान मूल असेल आणि खर्च दरवर्षी ठरलेला असेल तर चालतं. धडधाकट तिशीतल्या माणसानं तेच पैसे मुख्य विम्याची रक्कम वाढवायला वापरावेत, असं माझं मत.

---

पर्वतीपायथा_जीपी
बुधवार, रात्री ९.३५

दवाखाना आत्ता आवरला. मुठेकाठी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

पहाटे तुम्ही कॅज्युअल्टीत गेलात हे बरोबरच केलंत. ६७ वय, बीपी, साखर काठावर आणि आयुष्यात पहिल्यांदा अशी गरगर. लहान मेंदूतला पक्षाघाताचा झटका असाच सुरू होऊ शकतो, तेव्हा एमआरआय सांगणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. मीही कदाचित तेच केलं असतं. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, अजिबात उभं राहता येईना किंवा डोकं असह्य दुखलं, तर ओपीडीचा नंबर लावत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा सरळ कॅज्युअल्टी गाठावी. हेच छातीत दाबल्यासारखं होण्याबद्दल. सकाळी दहाची अपॉइंटमेंट आहे म्हणून रात्रभर कळ काढलेले लोक मी पाहिलेत.

आता एक गंमत सांगतो, मराठीची. पेशंट येतो आणि म्हणतो, "चक्कर येते." मी विचारतो, म्हणजे काय होतं? इथे सगळं निदान असतं. आपल्याकडे केवढे शब्द आहेत बघा! गरगरतं, अंधारी येते, भोवळ येते, तोल जातो, डोकं हलकं होतं. उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर मी आधी बीपी आडवं आणि उभं करून मोजतो आणि गोळ्यांची यादी बघतो. नुसता तोल जात असेल तर पाय, मणका, डोळे बघावे लागतात. आणि कूस बदलली, मान वर केली की खोली गरगरते, मिनिटाच्या आत थांबते, पुन्हा कूस बदलली की पुन्हा, हे कानातल्या खड्यांचं. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या भागात चुन्याचे बारीक कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हललं तरी मेंदूला चुकीची बातमी जाते. ईएनटीच्या बाईंनी डोळे बघितले ते त्यासाठी. त्या स्थितीत बुबुळं ठरावीक पद्धतीनं थरथरतात. मग मान क्रमानं वळवून कण परत जागेवर सरकवायचे. गोळीनं उलटी आणि मळमळ थांबेल, खडे जागेवर जाणार नाहीत. तेव्हा चक्करेची गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवू नका. हे परत होऊ शकतं, घाबरू नका. पण घरी व्हिडिओ बघून आईची मान फिरवायला जाऊ नका, निदान पहिल्यांदा तरी. मानेचा मणका झिजलेला असला तर नसतं झेंगट.

ओपीडीत माझ्याकडे एका पेशंटला सात-आठ मिनिटं मिळतात. त्यातली तीन पिशवीतून कागद शोधण्यात जातात. रिपोर्ट तारखेनं लावा, ताजा वर. चालू गोळ्यांची पाकिटंच घेऊन या. "सकाळची पांढरी अर्धी" यावरून मला काहीही कळत नाही. पांढऱ्या गोळ्या हजार आहेत. आणि मुख्य तक्रार आधी सांगा. माझे एक गृहस्थ पंधरा मिनिटं गुडघ्याबद्दल बोलले, चप्पल घालता घालता म्हणाले, "बाकी जिना चढताना जरा छातीत भरतं, पण ते गॅसचं असेल." त्यांना परत आत बोलावून ईसीजी काढला.

अजून एक. दाखल रुग्णांचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं सांभाळायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असा २००२ च्या आचारनियमांत नियम आहे. तो दाखल रुग्णांबद्दल बोलतो. ओपीडीचा कागद तुमच्या हातात दिला की तो तुमचा. हरवला तर माझ्याकडे तुमची साखर दोन वर्षांपूर्वी किती होती हे सापडेलच, याची खात्री नाही.

---

सिंहगडरोडी
बुधवार, रात्री १०.०२

हे सगळं ठीक, पण सगळीकडे पॅकेज आणि कमिशन. आधी एमआरआय, मग निदान. लुटतात सगळे.

---

पर्वतीपायथा_जीपी
बुधवार, रात्री १०.१०

सगळे नाही. काही. आणि तुमचा राग मला समजतो.

---

शनिवारपेठी
बुधवार, रात्री १०.१८

सिंहगडरोडी, तपासणी कुठल्या लॅबमध्ये करायची आणि औषध कुठल्या दुकानातून घ्यायचं हे ठरवायचा हक्क रुग्ण हक्क सनदेत पेशंटला दिलेला आहे. चिठ्ठी हातात घ्या आणि बाहेर पडा. तातडीचं नसेल तर तीन ठिकाणी फोन करून एमआरआयचे दर विचारा, फरक बघून चाट पडाल. मी वडिलांच्या बाबतीत हेच करतो. आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्यायची विनंती करतो, म्हणजे जनऔषधी केंद्रात मिळतं का ते बघता येतं.

वडील ८१ वर्षांचे, त्यांचा विमा नाहीच. त्यांच्या ओपीडीचा सगळा खर्च मी आयकराच्या ८०डी कलमाखाली दाखवतो. साठीपुढच्या आणि विमा नसलेल्या माणसासाठी वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीत, आणि पैसे रोख दिलेले नकोत. पहिल्या वर्षी मी सगळ्या पावत्या डब्यात ठेवल्या. जुलैमध्ये डबा उघडला तर निम्म्या कोऱ्या! तो गुळगुळीत कागद असतो ना, त्यावरची शाई उन्हानं, उष्णतेनं उडते. आता काउंटरवरच फोटो काढतो, मागचे लोक कितीही उसासे टाकोत.

---

रातराणी_२
गुरुवार, दुपारी ३.४०

इथे सगळी खासगीचीच चर्चा चाललीय म्हणून लिहिते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींबरोबर मी वर्षभर सरकारी ओपीडीच्या फेऱ्या मारल्या. त्यांना संधिवात आहे.

आधी पुण्याच्या ससून रुग्णालयात. स्टेशनजवळची ती दगडी इमारत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभी राहिली, हे मला तिथे रांगेत उभं राहूनच कळलं. तिथे गेल्यावर पहिली गोष्ट केस पेपर. तो काढल्याशिवाय कुठल्याच दाराशी उभं राहून उपयोग नाही. दुसरी गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या हॉस्पिटलात प्रत्येक विभागाची युनिटं असतात आणि युनिटांचे वार ठरलेले असतात. ज्या युनिटनं पहिल्यांदा तपासलं त्याच्याच वारी परत जायचं. मावशी एकदा बुधवार सोडून गुरुवारी गेल्या आणि अख्खी कथा नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून सांगत बसल्या. मग मी केस पेपरच्या कोपऱ्यात लाल पेननं 'बुध' लिहून ठेवलं.

नंतर त्यांना औंधचं जिल्हा रुग्णालय जवळ पडायला लागलं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर आणि तपासणीचे पैसे घेत नाहीत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे तो निर्णय तेव्हा तिथे लागू नव्हता. हा फरक ठाऊक नसल्यानं लोक काउंटरवर भांडतात.

मावशींना वाटत होतं की महात्मा फुले योजनेचं कार्ड दाखवलं की गुडघ्याच्या गोळ्याही फुकट. तसं नाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं ते संरक्षण दाखल होऊन करायच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्यांना नाही. इथेही दाखल आणि ओपीडी यांच्यातली तीच रेघ, बिलकाउंटर म्हणतात ती.

---

हिंजवडीत_अडकलेला
गुरुवार, संध्याकाळी ६.१२

काही सरकारी हॉस्पिटलांत दाराशी क्यूआर कोड लावलेला असतो. आभा काढलं असेल, म्हणजे तो चौदा आकडी आरोग्य क्रमांक, तर फोनवरून स्कॅन करून नोंदणीचं टोकन मिळतं. नाव, वय, पत्ता सांगायची रांग वाचते. डॉक्टरांपुढची रांग तेवढीच. आणि रिपोर्ट नुसता डॉक्टरांकडून समजून घ्यायचा असेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर फुकट सल्ला मिळतो. मी सर्दी-खोकल्याला वापरलंय.

---

मुठेकाठी
शुक्रवार, रात्री ९.५५

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारपेठी, तुमचेसुद्धा.

बिलाचा कोपरा बघितला. ओपीडीचाच नंबर आहे, डिस्चार्ज कार्ड नाही. म्हणजे पत्र बरोबर होतं. एचआरला विचारलं, आमच्या पॉलिसीत ओपीडी शून्य. पावत्यांचे फोटो काढले. कॅज्युअल्टीची पावती आत्ताच फिकट व्हायला लागलीय, शनिवारपेठींनी वेळेवर सांगितलं.

आज आईला परत ईएनटीला दाखवायला नेलं. केस पेपरवर खाली बारीक अक्षरात लिहिलंय की सात दिवसांत रिपोर्ट दाखवायला फी नाही. आम्ही गेलो सव्विसाव्या दिवशी. पुन्हा ९०० भरले. या वेळी जीपी काकांचं वाचून, चक्कर म्हणजे नक्की काय होतं ते आईला वहीत लिहायला लावलं होतं. तिनं लिहिलं: "उजव्या कुशीवर वळलं की गरगरतं, वीस मोजेपर्यंत थांबतं. डाव्या कुशीवर नाही. पाच दिवसांत दोनदा." डॉक्टर बाईंनी वही वाचली, हसल्या आणि सरळ टेबलावर घेतलं. नंबर यायला सव्वा तास आणि आत सहा मिनिटं. आईला वहीचा फार अभिमान वाटतोय. आता त्यात तिनं माझ्या बाबांच्या घोरण्याच्या वेळाही लिहायला घेतल्यात.

एक शेवटचं विचारते. एमआरआयबरोबर फिल्म आणि एक सीडी दिलीय. घरात सीडी लावायला काहीच नाही. टाकून देऊ का?

---

पर्वतीपायथा_जीपी
शुक्रवार, रात्री १०.२०

अजिबात नाही. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरांनी जुना एमआरआय मागितला तर तीच लागेल. मार्करनं वर नाव आणि तारीख लिहा आणि फाईलच्या मागच्या खिशात ठेवा. फिल्मची गुंडाळी करू नका.

---

शनिवारपेठी
शुक्रवार, रात्री १०.३१

माझ्याकडे जुना सीडी ड्राइव्ह पडून आहे. पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. संध्याकाळी सहानंतर या, वहीसकट. ते घोरण्याचं मला वाचायचंय.